संस्थापक गैरहजर

बाबा गेल्यानंतर अडीच महिन्यांनी मी चार पत्रं टाकली. माझ्या हातून घडलं ते एवढंच. पुढचं सगळं त्या पत्रांनी केलं.

बाबांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर चार पत्ते होते, चार वेगवेगळ्या गावांतले. प्रत्येकापुढे एक वार लिहिलेला होता: मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. गेली तीन वर्षं बाबा आठवड्यातले चार दिवस सकाळी साडेआठची बस धरून कुठेतरी जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. कुठे, असं विचारलं तर ‘विभागीय काम आहे’ म्हणायचे. ते वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. किलोच्या वजनात दोन ग्रॅमची खोट त्यांना हातात धरूनच कळायची, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते तपासून पाहायची कुणाची हिंमत नव्हती. असा माणूस ‘विभागीय काम’ म्हणाला की पुढचा प्रश्न आपोआप गिळला जातो. मी धरून चालले होते, की ते कुठल्यातरी संस्थेचे अध्यक्ष असणार आणि चार गावांत फिरून लोकांच्या चुका काढत असणार.

चुका काढणं हा तसा आमच्या घराचा धंदाच आहे. बाबा तराजूतल्या काढायचे, मी छापखान्यातल्या काढते. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याची मुद्रितं वाचायची आणि चुकलेल्या शब्दाला लाल गोल करायचा, याचा मला पगार मिळतो. त्यामुळे बाबा गेल्याचं कळवणारं चार ओळींचं पत्र मी तीनदा तपासलं. त्यात एकही चूक नव्हती. पत्र पाठवणं हीच चूक असू शकते, हे कुठल्याच नियमावलीत लिहिलेलं नसतं.

आठवड्याभरात उत्तरं आली. पहिलं मंगळवारच्या पत्त्यावरून, एका निवृत्त बेकरीवाल्यांचं. फार वाईट वाटलं, असं लिहून त्यांनी पुढे विचारलं होतं, ‘तर मग मंगळवारी कोण येणार? पीठ भिजवू की नको ते कळवावे.’ बुधवारचं एका घड्याळजींचं होतं. त्यांनी वेळ, तारीख आणि शोक, तिन्ही नीट नोंदवलं होतं आणि आता बुधवारचं काय, असं विचारलं होतं. गुरुवारच्या पत्त्यावर एक निवृत्त मेट्रन राहत होत्या. त्यांनी एकच ओळ लिहिली होती: ‘त्यांचा गृहपाठ माझ्याकडे राहिला आहे.’

शुक्रवारवाल्यांनी पत्र न लिहिता फोन केला. हयात बंदरात गेलेले हे गृहस्थ फोनवरही समोर जहाज उभं असल्यासारखे बोलत होते. मी नंतर सगळ्यांसारखीच त्यांना गोदीकाका म्हणू लागले. ते म्हणाले, “तुम्ही त्यांची मुलगी का? आमचा विद्यार्थी गेला म्हणजे शाळाच गेली की हो.”

विद्यार्थी?

मी आत्याला फोन केला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती चार गल्ल्या सोडून राहते आणि बाबांविषयी अखेरचा शब्द आपलाच, असं तिचं मत आहे. तिने शांतपणे सांगितलं, की पत्ते चुकले असणार. दादा आणि विद्यार्थी? तो शाळेत असतानासुद्धा मास्तरांना शिकवायचा. जन्मात कधी कुणाला रस्ता विचारला नाही त्याने, दोन-दोन तास चुकत हिंडायचा, पण विचारायचा नाही. मग तिने सल्ला दिला, की हे लोक बहुतेक काहीतरी विकत असतील, दार उघडू नकोस. दाराशी ते येणारच नव्हते. मीच जाणार होते. मला राहवत नव्हतं.

मंगळवारी साडेआठची बस धरून मी बेकरीवाल्यांकडे गेले. एका शाळेच्या मागच्या बाजूला जुनं स्वयंपाकघर होतं, त्यात एक मोठी भट्टी, आणि भट्टीसमोर पांढरा ॲप्रन घातलेले एक बुटके, गोल गृहस्थ. त्यांनी मला स्टुलावर बसवलं. ते बाबांचं स्टूल होतं, असं नंतर कळलं. मग त्यांनी सगळं सांगितलं.

झालं होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी ज्येष्ठ कल्याण कार्यालयाने एक योजना काढली. निवृत्त माणसांनी एकमेकांना आपापली विद्या शिकवावी. आजूबाजूच्या गावांनी मिळून जाळं उभारलं, तर कार्यालय प्रत्येक गावात एक जागा आणि बसचा पास देईल. बाबांनी अर्ज केला. नाव दिलं ‘विभागीय ज्येष्ठ परस्परशिक्षण जाळे’. चार गावांतून चार माणसं तयार झाली. चौघांनाही शिकवायचं होतं. पाव, घड्याळं, मलमपट्टी आणि दोरखंडाच्या गाठी. जाहिराती दिल्या, पत्रकं वाटली, पण शिकायला कुणी येईना. बाबा संस्थापक होते. ते म्हणाले, सध्या मी येतो.

“म्हणजे तीन वर्षं चार शिक्षक आणि एक विद्यार्थी?” मी विचारलं.

“एक नियमित विद्यार्थी,” ते म्हणाले. नियमित या शब्दावर त्यांनी कणीक मळताना द्यावा तसा जोर दिला.

माझ्या डोळ्यांसमोर बाबा आले, कोपरापर्यंत पिठाने माखलेले. घरी त्यांनी कधी चहाचा कप विसळला नव्हता. मी सहज विचारलं, त्यांना पाव चांगला जमत असेल ना? त्यांनी ओटा पुसायला घेतला. स्वच्छच होता तो. बराच वेळ पुसून झाल्यावर म्हणाले, “तसे... मेहनती होते.”

मला हा शब्द झोंबला. मेहनती कुणाला म्हणतात हे मुद्रितशोधकाला सांगावं लागत नाही. बुधवारी घड्याळजींकडे गेले तर ते म्हणाले, तुमच्या वडिलांचा हात स्थिर होता, पण ऐकताना लक्ष दुसरीकडे असायचं. गुरुवारी मेट्रनबाईंनी मला नारळ निवडावा तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही पण सांगितलेलं विसरता का?” शुक्रवारी गोदीकाकांनी बाबांची आठवण म्हणून दोरीचा एक गुंता दाखवला. तो कशाचा प्रयत्न होता हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. चार दिवसांत, चार गावांत, मी एका मठ्ठ विद्यार्थ्याची मुलगी म्हणून वावरले. शनिवारी घरी बसून मी फुगून होते. कुणावर ते ठरत नव्हतं.

त्याच शनिवारी कार्यालयाचं पत्र आलं, बाबांच्या नावाने. जाळ्याची तात्पुरती मान्यता या महिनाअखेर संपते. कायम मान्यतेसाठी पाहणी होईल. किमान सहा विद्यार्थी प्रत्यक्ष शिकताना आढळले पाहिजेत आणि संस्थापकांनी जातीने हजर राहावे. तसे न झाल्यास सर्व जागा परत घेण्यात येतील.

म्हणजे भट्टीला कुलूप. त्यांच्या गावच्या वाचनालयातलं खिडकीशेजारचं घड्याळजींचं टेबल जाणार. गोदीकाकांची शेड जाणार, आणि जुन्या दवाखान्यातली मेट्रनबाईंची खोली. मी चौघांना कळवलं. तिघांनी कार्यालयाला दूषणं दिली. मेट्रनबाई म्हणाल्या, “माझं काय, मी घरी बसेन.” मी त्यांचं घर पाहिलं होतं. तिथे दोन खुर्च्या होत्या आणि दुसरीवर वर्तमानपत्रांची चळत होती, टेबलाच्या उंचीची.

मी मनाशी ठरवलं, की एका तिमाहीत दोन गोष्टी बंद पडायच्या नाहीत. एक पुरे. सहाच तर विद्यार्थी हवे होते. आमच्या एका गावात निवृत्त माणसं किती असतात. सकाळी बागेत गेलं तर चालायला वाट मिळत नाही.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या फलकावर मी सूचना लावली: ‘निवृत्तांसाठी मोफत वर्ग. शिकू इच्छिणाऱ्यांनी खालील अर्ज भरावा.’ दहा दिवसांत एकतीस अर्ज आले. मी आनंदाने वाचायला बसले. एकतिसांनीही अर्जातला ‘शिकू’ हा शब्द खोडून तिथे ‘शिकवू’ असं लिहिलं होतं. काहींनी पट्टी लावून खोडलं होतं. कुणाला टंकलेखन शिकवायचं होतं, कुणाला पत्रव्यवहार. एकाला झाडांची कलमं, एकाला शिस्त. माझ्या लक्षात आलं, की निवृत्त होणं म्हणजे चाळीस वर्षांचं ज्ञान घेऊन अशा खोलीत जाऊन बसणं जिथे कुणी काही विचारत नाही. अशा माणसाला तुम्ही म्हणता, या, शिका. तो कशाला येईल?

एकतिसावा अर्ज आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या माजी उपसंचालकांचा होता. कसले उपसंचालक, हे इतक्या वर्षांत कुणाला विचारता आलेलं नाही, कारण ते दुसऱ्याला बोलू देत नाहीत. ‘शिकावे कसे’ हा विषय शिकवण्याची त्यांची तयारी होती. ते स्वतः घरी आले, बाबांच्या खुर्चीत बसले, आणि मला समजावलं, की मुळात जाळं या नावातच दम नाही. महासंघ हवा. महासंघाला कार्यकारिणी हवी, कार्यकारिणीला उपसमित्या. विद्यार्थ्यांची चिंता शेवटी करायची असते. मी म्हटलं, तुम्ही विद्यार्थी म्हणून या ना. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आत्याने तर दारातच सांगितलं, “माझं शिकून झालंय.”

निदान संस्थापकांचा प्रश्न सोडवावा म्हणून मी कार्यालयात गेले. खिडकी क्रमांक चार. खिडकीमागे चाळिशीच्या एक बाई होत्या, चष्मा कपाळावर आणि कपाळाला आठ्या. मी कागद पुढे केला आणि सांगितलं, की संस्थापकांना हजर राहता येणार नाही, हा मृत्यूचा दाखला. बाईंनी दाखला वाचला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला. हा निवृत्तिवेतन विभागात चालतो, आमच्याकडे याचा रकाना नाही. आमच्याकडे संस्थापक दोनच प्रकारे कमी होतो. एक, त्यांनी स्वतःच्या सहीने राजीनामा दिला तर.

“आणि दुसरा?”

“सलग तीन सभांना गैरहजर राहिले तर. नियम बारा. मग पाहणीला त्यांच्या हजेरीची अट उरत नाही.”

मी म्हटलं, ते तीनच काय, सगळ्याच सभांना गैरहजर राहणार आहेत. बाई म्हणाल्या, तसं आपण कागदावर आधी म्हणू शकत नाही. सभा घ्यावी लागेल, हजेरी पुकारावी लागेल, नाव पुकारल्यावर ते आले नाहीत हे नोंदवावं लागेल. असं तीनदा. त्यांच्या आवाजात जरासाही कोरडेपणा नव्हता. हेच तर त्रासदायक होतं. त्या खरोखर मदत करत होत्या. त्यांनी पुस्तक उघडून बोट ठेवून दाखवलं, की दोन सभांमध्ये किमान किती अंतर हवं याबाबत नियम फक्त ‘एक तास’ म्हणतो. म्हणजे तिन्ही सभा एका दुपारी होऊ शकतात. तिसऱ्या सभेला त्या स्वतः पाहणीसाठी येतील, म्हणजे तुमची एक खेप वाचेल. आणि हो, निवृत्तीची अट शिक्षकांना आहे, विद्यार्थ्यांना नाही. कुणीही चालेल. फक्त शिकताना दिसलं पाहिजे.

बाहेर येऊन मी जिन्याच्या पायरीवर थोडा वेळ बसले. कितीतरी जाडजूड ग्रंथांतून मृत्यूविषयी मी बरंच काही वाचलं आहे. नियम बाराइतकं स्पष्ट कुणी लिहिलेलं नाही.

सभा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ठेवली, आमच्या वाचनालयाच्या माडीवर. पहिली दीड वाजता, दुसरी पावणेतीनला, तिसरी चारला. चौघं शिक्षक चार गावांहून प्रथमच एकत्र येत होते. बेकरीवाले मळलेल्या पिठाचं झाकलेलं पातेलं घेऊन आले, घड्याळजी हत्यारांची पेटी घेऊन, मेट्रनबाई बँडेजच्या गुंडाळ्या घेऊन, गोदीकाका खांद्यावर दोरी घेऊन. विद्यार्थी कुठे आहेत, असं चौघांनी वेगवेगळं विचारलं. मी म्हटलं, येतील. माजी उपसंचालक अध्यक्षपद सुचवलं जाईल म्हणून आले होते. आत्या पाहायला आली होती.

निमंत्रक म्हणून हजेरी मी पुकारायची होती. बाबांचं नाव पहिलं होतं. मी वाचलं. आता ते आलेले नाहीत हे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेवटी घड्याळजी मनगटाकडे पाहत, वेळ सांगावी तसं म्हणाले, “गैरहजर.” मी लिहिलं. पहिली सभा सहा मिनिटांत संपली.

मग एक तास. आणि सहा अनोळखी म्हातारी माणसं, एका खोलीत, ज्यांना एकमेकांशी बोलण्यासारखं काही नाही. मी चहा आणला. तो पिऊन झाला. उपसंचालकांनी उपसमित्यांचा विषय काढला, तसं बेकरीवाल्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवण्यासाठी म्हणून आपलं मनगटी घड्याळ काढलं आणि घड्याळजींपुढे धरलं. म्हणाले, हे बंद पडलंय, तरी मी रोज नियमाने चावी देतो. अडकेपर्यंत फिरवायची आणि वर आणखी अर्धा फेरा.

घड्याळजींनी चष्मा काढला. “आणखी अर्धा फेरा? हे कुणी सांगितलं?”

“विद्यार्थ्याने. तुम्हीच शिकवलेलं ना? मंगळवारी पाव फुगेपर्यंत तास-दीड तास नुसतं बसायचं असतं. तेव्हा ते आपली उजळणी करायचे. मागच्या आठवड्यात काय काय शिकले ते मला सांगायचे.”

घड्याळजींचा चेहरा उतरला. त्यांनी सांगितलं, की अडलं की थांबायचं, हेच मी तीन वर्षं ओरडून शिकवलं. ते पेटी उघडून बसले. स्प्रिंग तपासता तपासता सहज म्हणाले, बाकी तुमचं पावाचं मात्र मला चोख कळलं आहे हं. बुधवारी उजळणी माझ्याकडेही व्हायची. मी घरी दर आठवड्याला पाव करतो. पिठात बोट दाबायचं, खड्डा टणकन वर आला की भट्टीत घालायचं.

“टणकन?” बेकरीवाले म्हणाले. “अहो, टणकन नाही. हळूहळू वर यायला हवा. टणकन येतो म्हणजे अजून वेळ आहे. कसा होतो तुमचा पाव?”

घड्याळजींनी थोडा विचार केला. “टिकाऊ.”

तोवर दुसऱ्या सभेची वेळ झाली. मी नाव पुकारलं. या वेळी “गैरहजर” मेट्रनबाई म्हणाल्या, आणि तो शब्द नापास झालेल्याच्या पालकांना सांगावा तसा म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. गोदीकाकांच्या वर केलेल्या विजारीकडे होतं. सभा चार मिनिटांत संपली आणि त्या उठून त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

पायाला पट्टी कुणी बांधली, असं त्यांनी विचारलं. गोदीकाका अभिमानाने म्हणाले, मीच, तुमच्याच पद्धतीने. गुडघ्यापासून सुरू करायची, घोट्याकडे उतरत जायची. वर्षभर बांधतोय. फक्त पाऊल सुजतं.

मेट्रनबाईंनी डोळे मिटले. मग खुर्चीवर हात आपटून त्यांना बसवलं आणि पट्टी उलगडायला घेतली. बोटांपासून वर, वर्षानुवर्षं बोटांपासून वर सांगितलं त्या माणसाला. दुसरा पाय हवा होता दाखवायला. समोर उपसंचालक बसले होते. त्यांना काही कळायच्या आत त्यांचा बूट निघाला, पाय स्टुलावर गेला आणि मेट्रनबाईंनी त्यांच्याच हातात बँडेज दिलं. करा. नाही, असं नाही. परत करा. उपसंचालक आयुष्यात पहिल्यांदा गप्प होते.

गोदीकाका पट्टी बांधून घेता घेता मेट्रनबाईंच्या पिशवीची गाठ पाहत होते. ते हळूच म्हणाले, बाई, ही अशी गाठ मारता तुम्ही? कपड्यांच्या दोरीलापण? मेट्रनबाई म्हणाल्या, हो, उजवं डाव्यावर, परत उजवं डाव्यावर. दर गुरुवारी ते मला उजळणी म्हणून दाखवायचे. तीनदा पडली आहे माझी दोरी, धुतलेल्या चादरींसकट. मला वाटायचं खिळा सैल आहे.

“दुसऱ्यांदा डावं उजव्यावर,” गोदीकाका म्हणाले. “देवा. त्यांना मी चारशे वेळा सांगितलं असेल.”

मी दाराशी उभी होते. ज्या माणसाने चौतीस वर्षं दोन ग्रॅमची खोट सोडली नाही, त्याने चार गावांत, चार घरांत, घाऊक चुका पेरून ठेवल्या होत्या. एकाची विद्या दुसऱ्याकडे नेताना प्रत्येक वेळी काहीतरी सांडलं होतं. आणि आता ती चारही माणसं एकमेकांवर ओणवी होऊन ते सांडलेलं पुसत होती. घड्याळजींचं बोट पिठात होतं. बेकरीवाले श्वास रोखून चावी फिरवत होते. कुणी कुणाला शिकवायला बसलेलं नव्हतं. सगळे फक्त आपल्या विषयाची अब्रू वाचवत होते.

मला विचारल्याशिवाय राहवेना. मी मेट्रनबाईंना म्हटलं, ते मुद्दाम तर करत नसतील? म्हणजे तुम्ही कधीतरी एकमेकांशी बोलावं म्हणून?

त्यांनी पट्टीवरून मान वर केली. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटतं, हो म्हणावं का, याचा त्या खरंच विचार करत होत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “ते हुशार नव्हते हो. पण यायचे.”

आत्या खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिने रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

चार वाजता खिडकी क्रमांक चारच्या बाई आल्या. त्यांना दारात पिठाचा वास आला, आत टेबलावर उघडं घड्याळ दिसलं आणि एका उपसंचालकाचा पाय. त्या बसल्या आणि म्हणाल्या, सुरू करा.

मी तिसऱ्यांदा बाबांचं नाव पुकारलं.

पहिल्या दोन्ही वेळा कुणीतरी बोललं होतं. आता घड्याळजी हातातल्या चिमट्याकडे पाहत होते. मेट्रनबाई गुंडाळी परत गुंडाळत होत्या. बेकरीवाल्यांनी पिठावरचा फडका सारखा केला. बाईंनी लेखणी उघडून धरली होती, आणि वाट पाहायला त्यांची हरकत दिसली नाही. खाली वाचनालयात कुणीतरी खुर्ची सरकवली. ते ऐकू आलं.

“गैरहजर,” मी म्हटलं.

बाईंनी लिहिलं. मग त्यांनी विद्यार्थ्यांचा रकाना काढला आणि विचारलं, शिक्षक कोण, विद्यार्थी कोण? चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी सांगितलं, शिक्षक हे चार. विद्यार्थीही हेच चार. एकाच माणसाने दोन्ही रकान्यांत असू नये, असा नियम आहे का? बाईंनी पुस्तक चाळलं, पुढून मागे आणि मागून पुढे. नाही, म्हणाल्या, असं कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. त्यांनी चार लिहिले. उपसंचालकांचा पाय पाहून पाच. उपसंचालकांनी तोंड उघडलं, मेट्रनबाईंनी पट्टीचं टोक जरा ओढलं, आणि ते मिटलं.

“पाच. एक कमी आहे.”

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने हाताची घट्ट घडी घातली. माझं शिकून झालंय, हे तिने बोलायचीही तसदी घेतली नाही. बाई म्हणाल्या, मला वाईट वाटतंय, पण पाच म्हणजे सहा नाहीत.

तेव्हा गोदीकाका माझ्या पायांकडे पाहत होते. सकाळपासून माडीचा जिना चढून-उतरून माझ्या बुटाची नाडी सुटली होती आणि ती बांधायला मी वाकले होते, खरं तर कुणाला माझा चेहरा दिसू नये म्हणून.

“थांबा,” ते म्हणाले. “ही गाठ कुणी शिकवली तुम्हाला?”

“बाबांनी. पहिलीत असताना.”

“चूक आहे.”

मी मान वर केली. माझ्या कामात चुकीला लाल गोल मी करते. माझ्याभोवती कुणी केलेला नाही. चाळीस वर्षं माझ्या नाड्या दिवसातून दोनदा सुटतात आणि मी दुकानदारांना दोष देते, की हल्ली नाड्या गुळगुळीत येतात.

“उजवं डाव्यावर, मग परत उजवं डाव्यावर,” गोदीकाका म्हणाले. “म्हणजे माझ्याकडे येण्याआधीपासूनच. उगाच मी स्वतःला बोल लावत होतो.” ते गुडघ्यावर हात टेकून कण्हत खाली बसले, माझ्यासमोर, जमिनीवर. “सोडा ती. आता डावं उजव्यावर. हं. ओढा.”

मी ओढलं. पहिल्यांदा चुकलं. बेकरीवाले, घड्याळजी आणि मेट्रनबाई तिघंही एकदम काहीतरी म्हणाले. दुसऱ्यांदा गाठ आडवी, सपाट बसली, पावलावर नीट झोपल्यासारखी.

वरून लेखणीचा आवाज आला. “सहा,” बाई म्हणाल्या.

गोदीकाकांनी दुसऱ्या बुटाकडे हात नेला. मी पाय मागे घेतला आणि म्हटलं, हा राहू दे, काका. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी उठायला हात दिला तो धरून ते उठले.

घरी जाताना डाव्या पायाची नाडी दोनदा सुटली. एकदा चौकात, एकदा जिन्यात. दोन्ही वेळा मी वाकले आणि उजवं डाव्यावर घेऊन, परत उजवं डाव्यावर घेऊन, घट्ट बांधली.